तीनशे शहाऐंशीची फाईल

आधी काका गेले, मग मावश्या, शेजारची दोन घरं, आणि शेवटी माझा धाकटा भाऊ. सगळे इस्रायलला. रोह्यात आम्हा ज्यू लोकांपैकी राहिले मी आणि एक म्हातारं जोडपं. मी एका कंपनीत टायपिस्ट होते. कंपनीने मोडीत काढलेला ४८६ कॉम्प्युटर मी घरी आणला. त्यातली विंडोज व्हायरसने पार खाऊन टाकली, तेव्हा भावाने मेलवर लिहिलं, "ताई, लिनक्स टाक. फुकट मिळतं. जमलं नाय तर ठेव तसंच, मे महिन्यात येतो नि करून देतो."

येतो म्हणाला! गेल्यापासून एकदाही आला नव्हता. मी त्याची खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं. पण ते 'जमलं नाय तर' मला असं झोंबलं! अरे, माझ्या कडेवर वाढलास तू, नि मलाच सांगतोस? तो यायच्या आत मशीन सुरू करून दाखवायचंच, असं मी ठरवलं.

घरी फोन नव्हता. इंटरनेट पेणला. रविवारी फ्लॉप्या पिशवीत घालून गाडी पकडली. कासू स्टेशनात समोरच्या गाडीच्या क्रॉसिंगसाठी आमची रखडली, तशी माझी नुसती चिडचिड. सायबर कॅफेत लिनक्सचं पान उघडलं, तर एक फाईल नव्हे, ढीगभर, मशीनच्या प्रत्येक जातीची वेगळी. अल्फा, स्पार्क, पॉवरपीसी, आय-३८६. माझं मशीन ४८६, आणि ४८६ तर कुठेच नाही! ३८६ म्हणजे जुनं, आपलं नव्हेच, असं समजून मी अल्फा उचललं. नाव तरी नवं वाटत होतं. घरी येऊन फ्लॉपी घातली. मशीन ढिम्म.

पुढच्या रविवारी परत पेण. कॅफेवाला हसला, "काय गो ताई, परत?"

"व्हय, परत. हसतोस काय, मशीन दे."

या खेपेला फाईलसोबतची माहिती आधी वाचली. स्वच्छ लिहिलं होतं, की ३८६ आणि त्याच्या पुढची सगळी मशीनं याच फाईलवर चालतात. मी कपाळाला हात लावला. फ्लॉप्या भरल्या, घरी एकामागून एक घातल्या, नि काळ्या पडद्यावर मशीनने माझं नाव विचारलं. त्या घरात किती दिवसांनी मला कोणी काही विचारत होतं. मला हसू आलं नि रडूही आलं.

त्यानंतरच्या रविवारी भावाला मोठ्या तोऱ्यात कळवलं. तिकडे रविवार कामाचा, त्यामुळे तो मेलवरच होता. लगेच उत्तर आलं, "वा ताई! मग आता मे महिन्यात यायची घाई नाय. पुढच्या वर्षी बघू."

मशीन पेटवून द्यावंसं वाटलं. मी तिथल्या तिथे लिहिलं, "अरे, सुरू झालं होतं, पण काल पुन्हा बंद पडलं. दिवसभर खटपट केली, काय होत नाय. तू ये."

शुक्रवारी दिवेलागण झाली की शनिवारी तारे दिसेपर्यंत आम्ही कसल्याच यंत्राला हात लावत नाही. आईने आम्हा दोघांना तसंच वाढवलं. घाईघाईत माझ्या ते ध्यानातच आलं नाही.

त्याचं उत्तर आलं, "ताई, काल शनिवार होता. खोटं कशाला बोलतेस?"

खोटं बरोब्बर पकडलं शहाण्याने. मी 'ये' लिहिलं होतं, त्यावर मात्र एक अक्षर नव्हतं.