बँकेतली नाळ

मल्हारी गेल्याचा फोन त्याच्या थोरल्या भावाचा, बिरूअण्णांचा आला. मंगळवार, सकाळचे साडेअकरा; कार्यालयात बैठक सुरू होती. "मल्हारी गेला," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "माझं जुळत हुतं की..." आणि फोन बंद झाला. त्याला आता सहा आठवडे झाले.

मल्हारी आणि मी मोडनिंबच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी सोलापुरात वृत्तपत्रात लागलो, त्याने अक्कलकोट रोडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडे यायच्या. जळकी तार काढून तो नवी भरायचा. दुकानात प्रत्येक मापाचं बेअरिंग जादा असे. "स्पेअर पायजे लेका. स्पेअर हाय तर भ्या न्हाय," हे तो गिऱ्हाइकाला, बायकोला आणि मला सारख्याच ठामपणे सांगायचा.

नऊ वर्षांपूर्वी त्याची मुलगी जाई जन्मली. बाळंतपणाच्या वेळी नाळेतलं रक्त एका खासगी कंपनीने गोळा करून नेलं. त्या रक्तात मूळपेशी असतात, त्यांपासून नवं रक्त तयार होऊ शकतं, म्हणून ते गोठवून ठेवतात. मल्हारीला ही बाब एका शब्दात समजली होती: स्पेअर. त्याच्या आईला समजली नव्हती. त्यांच्याकडे नाळ घराशेजारी पुरतात. "बँकेत ठिवली? नाळ? आन् मग पुरायचं काय?" म्हातारीने विचारलं. "पासबुक पूर," मल्हारी म्हणाला. वॉर्डातल्या बायका हसल्या. कंपनीचं प्रमाणपत्र चौकट करून दुकानात लागलं.

गेल्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, केमो सुरू करू, पुढे मूळपेशींचं प्रत्यारोपण लागेल, सख्ख्या भावाची तपासणी करून घ्या. भावाशी त्याचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण एवढंच की बिरूअण्णांनी विहिरीची मोटर माढ्यात दुसऱ्याकडे भरायला टाकली होती. "सख्खा भाऊ परक्याकडनं मोटर भरून घेतो. त्याच्यापुढं हात पसरू व्हय?" मल्हारी मला म्हणाला. डॉक्टरांना त्याने सांगितलं, "सोय हाय." कसली, ते सांगितलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं. दोन महिने गेले.

मग तो प्रमाणपत्र घेऊन गेला, चौकटीसकट. मी सोबत होतो. डॉक्टरांनी ते पूर्ण वाचलं. पिशवीतल्या पेशी मोठ्या माणसाला पुरण्याइतक्या नव्हत्या, आणि मुलीच्या असल्याने निम्म्याच जुळणार होत्या.

"मग निदान पोरीला तरी?" त्याने विचारलं.

"तिला हाच आजार झाला तर तिचंच रक्त सहसा वापरत नाहीत. दोष त्यातही असू शकतो. शिवाय आपल्या प्रतिकारपेशी बिघडलेल्या पेशींना घरचं माणूस समजून सोडून देतात. दुसऱ्याच्या पेशी त्यांना ओळखतात, मारतात. म्हणून भाऊ म्हणत होतो."

मल्हारीने चौकट उचलून काखेत धरली. "म्हंजे मोटर परक्याकडनंच भरायची," तो म्हणाला.

बिरूअण्णा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आले. "येडा हायस. एक फोन करायचा की," एवढंच बोलले. अहवाल आला, पूर्ण जुळत होतं. तोवर आजार उलटला होता. प्रत्यारोपणाआधी तो आटोक्यात यावा लागतो... आला नाही. दोन महिने आधी काय झालं असतं, हे डॉक्टर सांगत नाहीत.

दुकान आता त्याची बायको सुनंदा सांभाळते. गेल्या रविवारी तिने चौकट उतरवली आणि मला विचारलं, "ह्याचं काय करू, भावजी?" मागच्या पुठ्ठ्याला आमच्या पुरवणीतलं एक कात्रण चिकटवलेलं होतं. जाईच्या जन्माआधीचं. 'नाळ जपा, कुटुंब जपा.' त्यातल्या 'संपूर्ण कुटुंबासाठी' या शब्दांखाली मल्हारीने निळ्या पेनने रेघ ओढली होती. तो मजकूर कंपनीच्या पत्रकावरून मी अर्ध्या तासात लिहिला होता. एकाही डॉक्टरला विचारलं नव्हतं. तो माझा आहे, हे मल्हारीला माहीत होतं. आजारपणात त्याने एकदाही विषय काढला नाही.

"असू दे," मी म्हणालो. सुनंदाने चौकट पुन्हा खिळ्याला लावली, कात्रण भिंतीकडे करून.

तशा मजकुराखाली आम्ही लिहिणाऱ्याचं नाव देत नाही. या लेखाखाली माझं दिलं आहे.