हलका माल

वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक शेतमालाच्या बाजारात, एका अडत्याकडे मी हळदीची प्रत ठरवण्याचे काम करीत असे. पोत्यात हात घालायचा, मूठभर हळकुंडे काढायची, तळहातावर तोलायची. भरीव हळकुंड हाताला कळते. पोचट असेल तर तेही मोडून पाहण्याआधीच कळते, वरचे पॉलिश कितीही चकचकीत असो. आमच्या धंद्यात खालच्या मालाला हलका म्हणतात आणि वरच्या मालाला भारी. भाषाच तशी आहे. तिच्यात काही धोका असेल असे मला कधी वाटले नव्हते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझी धाकटी मुलगी नांदेडच्या महाविद्यालयात शिकत होती. कुरुंद्याला घरी असताना ती विहिरीत पोहायला शिकली, पुढे कालव्यात पोहू लागली. शेताच्या बांधावरून धावायची सवय तिला आपोआप लागली. महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकांनी हे दोन्ही पाहिले आणि तिला ट्रायथलॉनमध्ये उतरवायचे ठरवले. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, मग धावायचे. मध्ये विसावा नाही. पाण्याची मला भीती नव्हती. धावताना पडले तर गुडघा फुटतो. भीती सायकलची होती. त्याच उन्हाळ्यात आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेलेला एक सायकलस्वार मी पाहिला होता. घरी ते सांगितले नव्हते.

सरांनी एका जुन्या विद्यार्थ्याच्या सायकलचा ॲल्युमिनियमचा सांगाडा मिळवून दिला. चाके, गिअर, पायडलचा दांडा म्हणजे क्रँक, ब्रेक हे सारे आम्ही घेऊन जोडायचे होते. हँडलवर पुढे निघालेले दोन दांडेही बसवायचे होते. स्वाराने त्यांवर कोपरे टेकून खाली वाकायचे, म्हणजे वारा कमी अडतो. मुलीने मला चित्र दाखवले.

‘ब्रेक कुठे आहे?’ मी विचारले.

‘हा इथं, बाजूच्या हँडलला.’

‘आणि हात?’

‘हात पुढं, दांड्यावर. ब्रेक लावायचा तर हात मागं आणायचा. एक क्षण लागतो, अण्णा.’

मी चित्र तिला परत दिले. त्यानंतर कित्येक दिवस बाजारात हळद पाहताना, जेवताना, बसमध्ये उभा असताना तो एक क्षण माझ्या डोक्यात होता.

प्रतींची गोष्ट तिनेच समजावली. एकच कंपनी एकच भाग तीन प्रतींत करते. खालची प्रत वजनाला जड आणि स्वस्त. मधली तिच्याहून कमी वजनाची. वरची प्रत सर्वांत कमी वजनाची आणि सर्वांत महाग. मी उलटे ऐकले असे वाटून पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले.

तिची आई गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, ‘वजन कमी अन् पैसे जास्ती. मग काहीच घेऊ नका की. सगळ्यात हलकं तेच.’

मुलगी हसली. मी हसलो नाही. जिच्यावर लेकराने भर उतारावर जीव टाकायचा ती वस्तू कमी वजनाची असणे हीच चांगली खूण मानायची, हे मला पटत नव्हते.

ती नांदेडला गेली आणि तिथून तिने फोन केला. पुण्याच्या ज्या दुकानात सरांची ओळख होती, तिथे मी बोलून घ्यावे आणि परवडेल तिथवर हलके मागवावे, असे तिने सांगितले. मी बसस्थानकाजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. दुकानदार तरुण असावा. स्पर्धेच्या सायकलसाठी काय काय हवे ते मी एकामागून एक सांगितले.

‘कोणता माल देऊ, काका?’

‘हलका द्या.’

‘स्पर्धेसाठी आहे म्हणालात ना?’

‘हो.’

‘आणि सगळा हलका? ब्रेकसुद्धा?’

त्याच्या आवाजातले नवल मला स्पष्ट ऐकू आले. मला वाटले, हाही माझ्यासारखाच विचार करतो आहे. या वस्तू विकणाऱ्यालासुद्धा त्यांची भीती वाटते आहे. तरी मी म्हणालो, ‘मुलीने तसेच सांगितले आहे.’

‘बरं. तुमची मर्जी.’

खोके बसने आले. ते मी गावातल्या सायकल मिस्त्रीकडे नेले. हा मिस्त्री बोलण्यात पटाईत. हातात पाना असला की त्याची जीभ जास्त चाले. त्याने खोके फोडले, चाक धरणारा ब्रेकचा चिमटा बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

तो जड होता. भरीव होता. क्रँक उचलला, तोही जड. कित्येक दिवसांत मला पहिल्यांदा पुरा श्वास घेता आला. त्या लोकांच्या लेखी हलके म्हणजे एवढे असेल, तर हरकत नव्हती.

‘माल मजबूत हाय, मालक,’ मिस्त्री म्हणाला. ‘याला बैल बांधला तरी हलणार न्हाई.’

‘बैल बांधायचा नाही. नीट जोडा.’

‘जोडतो की. पण ताईला विचारा, ह्या सायकलला घंटी कुठं बसवू. जागाच न्हाई ठेवली. समोर माणूस आला तर काय शीळ घालायची?’

शनिवारी मुलगी आली. सायकल अंगणात उभी होती. तिने एका हाताने ती उचलली आणि लगेच खाली ठेवली.

‘अण्णा, हे तर भारी आलं.’

‘चांगले झाले,’ मी म्हणालो.

‘चांगलं काय? भारी आहे हे.’

‘तेच म्हणतो आहे. मागवला हलका, आला भारी. दुकानदार प्रामाणिक दिसतो.’

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, ‘तुमी फोनवर काय म्हणले त्याला? शब्द सांगा.’

मी सांगितला. ती पायरीवर बसली.

‘अण्णा, मी वजनाचं म्हणत होते. तुमी माल हलका मागितला. त्यानं सगळ्यात खालची प्रत पाठवली.’

घरात तिची आई हसू दाबत होती. ‘जन्मभर दुसऱ्याचा माल पारखला,’ ती आतूनच म्हणाली, ‘अन् घरचा आला तवा हे झालं.’

मुलीला सारेच परत पाठवायचे होते. मी नको म्हणालो. चूक शब्दाची झाली होती, वस्तूत मला काही उणे दिसत नव्हते. हातात घेतली की ती वजन दाखवत होती. तिने बराच वाद घातला. शेवटी एवढे ठरले की आधी उतारावर चालवून पाहायची.

औंढ्याच्या बाजूला डोंगर उतरणारा एक रस्ता आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो. ती पुढे सायकलवर, मी मागे स्कूटरवर. माथ्यावर तिने मागे वळून पाहिले आणि ती निघाली. पहिल्या वळणानंतर ती पुढच्या दांड्यांवर वाकली. मागून तिचे डोके दिसेनासे झाले. नुसती पाठ दिसत होती, आणि ती पाठ लहान होत चालली होती. स्कूटरचा वेग मी वाढवला. इतक्या वेगाने ती स्कूटर मी त्यापूर्वी चालवली नव्हती. तरी अंतर वाढतच होते.

खालच्या वळणावर शेतातून म्हशी रस्त्यावर येत होत्या. मला त्या दिसल्या म्हणजे तिलाही दिसल्या असणार. तिचे कोपर उचललेले मला दिसले. हात मागे आला. आता वेग कमी होईल म्हणून मी पाहत राहिलो. तो कमी झाला नाही. जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. मी ओरडलो असेन. काय ओरडलो ते आठवत नाही. तिने सायकल रस्त्याबाहेर काढली. ती नांगरलेल्या रानात गेली, पुढचे चाक ढेकळांत रुतले, आणि मुलगी सायकलवरून पुढे फेकली गेली.

स्कूटर कुठे टाकली तेही मला आठवत नाही. मी पोचलो तेव्हा ती उठून बसली होती. कोपर सोलले होते, हनुवटीला काळी माती लागली होती. म्हशी राखणारा माणूस काठी धरून उभा होता.

‘वाचलं तुमचं पोरगं,’ तो म्हणाला. ‘रान वलं होतं म्हणून. काल नांगरलं तवा मी नावं ठेवून राहिलो होतो ह्या मातीला.’

‘दाबला होता, अण्णा,’ मुलगी म्हणाली. ‘पुरा दाबला होता.’

मी सायकल उभी केली आणि ब्रेकची मूठ आवळली. ती हँडलला जाऊन टेकली. मग मी तारेच्या दुसऱ्या टोकाला, चाकापाशी पाहिले. चिमट्याचे दोन हात चाक धरण्याऐवजी फाकत होते. पुन्हा आवळले, पुन्हा फाकले. वजन होते, पण ताठपणा नव्हता. असे काही असू शकते हे माझ्या हाताला ठाऊक नव्हते. स्कूटर सुरू करताना माझा पाय किकवरून दोनदा घसरला.

तिची आई त्या दिवशी चेष्टा करीत नव्हती. हळद लावून कोपर बांधताना ती मला म्हणाली, ‘बास झालं आता. नका पाठवू.’ मुलगी समोरच होती. तिने माझ्याकडे पाहिले. नको म्हणणे सोपे होते. मी म्हणालो असतो तर तिने माझ्यासमोर ऐकले असते. आमच्या घरात तशी रीत होती. पण ती दुसऱ्या कोणाची तरी सायकल मागून घेऊन, मला न सांगता उतरली असती. तिच्या जागी मी तेच केले असते. न पाहिलेल्या ब्रेकपेक्षा पाहिलेला बरा.

मी पुन्हा बूथवर गेलो. या वेळी वजनाला हलका आणि दर्जाला वरचा, असे स्पष्ट सांगितले.

‘असं आधी बोलायचं ना, काका,’ दुकानदार म्हणाला. ‘मधली प्रत देऊ की सगळ्यात वरची?’

‘यांतली तुटणार नाही अशी कोणती?’

‘तुटण्याचं म्हणाल तर काका, तुटत सगळंच. कधी ना कधी.’

त्याने ते सहज म्हटले. मी फोन ठेवला. बूथवाल्याने पैसे घेताना मला पाणी विचारले, म्हणजे माझा चेहरा तसा झाला असावा.

प्रत शेवटी मुलीनेच ठरवली. ब्रेक आणि त्यांच्या मुठी सर्वांत वरच्या प्रतीच्या. गिअर मधल्या प्रतीचे. क्रँक आला होता तोच. ‘तो जड तर जड,’ ती म्हणाली. ‘पाय माझे आहेत. ब्रेक मात्र तुमचे, अण्णा. तुमाला झोप आली पाहिजे.’

नवे ब्रेक आले. मी ते तळहातावर घेतले. हातावर काही ठेवले आहे असे वाटत नव्हते. मोंढ्यात असा माल आला असता तर मी तो पोत्यासह बाजूला काढला असता. मिस्त्रीने ते बसवले, तार ओढली, चाक फिरवून मूठ दाबून दाखवली. चाक जागच्या जागी थांबले.

‘दोन बोटांनी, मालक. पुरा हात लावाल तर थेट आसमान दिसंल.’

उभ्या सायकलचे चाक थांबते. उताराला स्वाराचे वजन असते. ते मी पाहिल्याशिवाय मुलीला त्या रस्त्यावर जाऊ देणार नव्हतो.

औंढ्याच्या त्याच रस्त्याच्या माथ्यावर गेल्यावर मी पायजम्याचा पाय सुतळीने बांधला आणि सायकल तिच्या हातून घेतली.

‘तुमी कुठं?’

‘खाली.’

‘अण्णा, वेडेपणा करू नका. तुमाला सवय न्हाई याची.’

‘सायकलची आहे.’

‘ही ती सायकल न्हाई.’

ते खरे होते. बसल्याबरोबर ते कळले. बैठक अरुंद होती आणि हँडल इतके खाली की रस्ता तोंडाशी येत होता. पुढच्या दांड्यांवर कोपरे टेकण्याचे धाडस मी केले नाही. उतार लागला आणि वारा कानांत शिरला. सायकल माझ्या खाली आहे की नाही हे कळत नव्हते. आयुष्यात मला भीती अनेकदा वाटली. ती सगळी कोणासाठी तरी होती. ही माझ्या स्वतःच्या हाडांची होती, आणि मुलगी रोज ती घेऊन उतरते हे मला तेव्हा समजले. अर्ध्यावर मी दोन बोटे मुठीवर ठेवली आणि दाबली.

मागचे चाक किंचित उचलले गेले. पोट हँडलवर आदळले. सायकल थांबली. मी एक पाय जमिनीवर टेकून उभा होतो आणि बोटे मुठीवरून निघत नव्हती.

ती धावत खाली आली. ‘लागलं का?’

‘नाही.’

‘मग सोडा ना ब्रेक.’

‘थांब जरा.’

बोटे उघडली तेव्हा मी सायकल तिला दिली. ती चालत वर गेली. मी खालच्या वळणापर्यंत चालत गेलो. रस्ता मोकळा होता. मग एका जीपचा आवाज आला. हिंगोलीकडे निघालेली, टपावर माणसे बसलेली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात आडवे केले. जीप थांबली.

‘काय झालं, मामा? अपघात?’ चालकाने विचारले.

‘नाही. थांबा.’

‘मग काहून थांबू?’

‘मुलगी उतरते आहे,’ मी म्हणालो. टपावरच्या माणसांना वरचा रस्ता दिसत होता. एकाने बोट दाखवले आणि ती सगळी तिकडे पाहू लागली. मी मागे वळलो नाही. त्यांचे चेहरे पाहत राहिलो. चाकाची बारीक टरटर वाढत माझ्या पाठीशी आली, आणि बंद झाली.

‘थांबले, अण्णा,’ ती म्हणाली.

मी हात खाली घेतले आणि जीपला वाट दिली.