सुसानाचा उजवा पाय

आमच्या घरात पिकअप बायको चालवते आणि शिवणकाम मी करतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर विसरवाडीत नवा माणूस दुकानात आला की गाडीच्या भाड्याचं माझ्याशी बोलायला लागतो आणि मग मला त्याला तिच्याकडे पिटाळावं लागतं. माझं दुकान हायवेला लागून आहे. ट्रकच्या सीटा, पिकअपच्या ताडपत्र्या, रेक्झिन आणि जाड सुईचं जे जे काम असेल ते मी करतो. गाडी मात्र सुसानाची, कागदावरही आणि लोकांच्या बोलण्यातही.

मी शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. लग्न झाल्या झाल्या सासऱ्यांनी, म्हणजे दानियलबाबांनी, मला शेजारी बसवून धडे द्यायला सुरुवात केली. चौथ्या धड्याला मी चर्चच्या कुंपणाचा खांब आडवा केला. बाबा खाली उतरले, खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही शिलाई मशीनच चालवा. त्याला रिव्हर्स नसतो." (घरात आम्ही कोकणी बोलतो, गोव्याची नव्हे, इथल्या डोंगरातल्या आदिवासींची. ते मी इथं मराठीत लिहितोय, पण टोमणा तेवढाच लागला होता.)

सुसाना त्याच बाबांच्या हाताखाली शिकली, नदीच्या कोरड्या पात्रात, उसाच्या गाडीवर. उंचीनं ती बेताची. स्टिअरिंगवरून नीट दिसावं म्हणून मी तिला एक जाड उशी शिवून दिली आहे. रविवारी चर्चमध्ये ती सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गाते आणि सोमवारपासून त्याच पट्टीत रस्त्यातल्या म्हशींना बाजूला करते. तिला राग कमी येतो. घरातला राग सांभाळायचं खातं माझ्याकडे आहे.

आमचा पाडा डोंगरावर, विसरवाडी खाली, आणि मधे जांभळबारी. बारी म्हणजे आमच्याकडे घाट. एस.टी. पाड्यापर्यंत येत नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी बायका, भेंडीच्या पाट्या, बांबूच्या टोपल्या, कोंबड्या आणि मी, असं सगळं सुसानाच्या पिकअपमध्ये बसून उतरतं. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे आम्हाला कळत नाही असं नाही, पण डोक्यावर पाटी घेऊन बारी उतरलेल्या बाईला ते जाऊन सांगा.

बारीच्या पायथ्याला नाला आहे. पूर्वी बैलगाड्या उतरायच्या तेव्हा तिथं थांबून आधी बैलांना पाणी पाजायचे, मग माणसं प्यायची. बैल गेले, पिकअप आल्या, पण रीत राहिली. आजही प्रत्येक गाडी नाल्यावर थांबते, आणि पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी ओततात. चाकं चर्र करतात, वाफ निघते, आणि म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं. आमच्या गाडीला पाणी पाजायचा मान कमलबाईचा. मी तिला काकी म्हणतो, सगळा पाडाच म्हणतो. तिच्या नवऱ्याची बैलगाडी होती. काकी पुढच्या सीटवर बसते, मांडीवर जर्मनचा गडू ठेवते, आणि नाल्यावर गाडी थांबली की कुणी काही म्हणायच्या आत उतरून पाणी ओतते. चाकाला हात जोडते. मगच पुढं.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर गाडी ब्रेक मारताना थरथरायला लागली. स्टिअरिंग हातात नाचायचं. सुसानाला ते आवडत नव्हतं, पण बाजाराचे दिवस होते, दाखवू दाखवू म्हणत राहिलं. मग एका बाजाराच्या दिवशी, बारीच्या दुसऱ्या वळणावर, पेडल मऊ पडलं.

मी मागं भेंडीवर बसलो होतो. मला एवढंच कळलं की गाडी थांबायला हवी तिथं थांबत नाही. पुढून सुसानाचा आवाज आला, "धरून बसा!" इंजिन ओरडलं, तिनं गाडी खालच्या गिअरमध्ये आणली होती. मग हँडब्रेक, मग धाडकन एक दणका, आणि गाडी डोंगराच्या अंगाला, मुरमाच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. दुसऱ्या अंगाला दरी होती. कोंबड्या सुटल्या, भेंडी रस्ताभर झाली, पण माणसाला खरचटलंसुद्धा नाही. मी पुढं धावलो. सुसाना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती आणि उजवा पाय अजून पेडलवर दाबून धरला होता. गाडी थांबली होती तरी. मी तो पाय हातानं उचलून खाली ठेवला.

त्या दिवसापासून बायका आमच्या गाडीत बसेनात. कुणी वाईट बोललं नाही, पण सगळ्या बारीवर दुसरी पिकअप चालवणाऱ्या रामसिंगच्या गाडीत जाऊ लागल्या. काकी त्याच्याकडे गेली नाही, कारण तो तिला पुढं बसू देत नाही. पण ती आमच्याकडेही आली नाही. टोपली डोक्यावर घेऊन पायवाटेनं बारी उतरू लागली, त्या वयात.

रामसिंग तसा वाईट माणूस नाही, पण त्याच्या तोंडाला झाकण नाही. ताडपत्री शिवायला दुकानात आला आणि चार लोकांसमोर म्हणाला, "जोसेफभाऊ, खरं सांगू का? बाईना पायमा जोर नई ऱ्हास. बारी उतराले माणूसना पाय पाहिजे."

माझ्या हातात कात्री होती. ती मी आधी खाली ठेवली आणि मग त्याला ताडपत्रीसकट बाहेर काढलं. संध्याकाळी, बाईच्या पायात जोर राहत नाही असं तो म्हणाला, हे सुसानाला सांगितलं तर ती हसली नाही, रागावलीही नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "बायका पण तेच म्हणत असतील." तेव्हा मला कळलं की तिला गाडीचं दुःख नव्हतं. ज्या बायका तिच्या भरवशावर डोळे मिटून बसायच्या, त्यांचा भरवसा गेला होता, आणि तो गेला तर उशीवर बसून नुसतं स्टिअरिंग फिरवण्यात तिला काही अर्थ वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी हेमकांतच्या गॅरेजला गाडी नेली. हेमकांत सारंगखेड्याकडचा. गॅरेज विसरवाडीत टाकलंय, पण बोलणं तापीकाठचंच. त्यानं पुढचं चाक काढलं, ब्रेकची प्लेट हातानं फिरवली आणि तिच्याजवळ स्क्रू-ड्रायव्हरचं टोक धरलं. एका जागी घासलं, दुसऱ्या जागी नाही.

"वहिनी, देखा. प्लेट वाकडी व्हई गई शे," तो म्हणाला. "तुमीन नालावर तपेल चाकवर पानी टाकतस ना? तपेल तवावर गार पानी टाकं तं तवा वाकडा व्हस. तसंच शे हाई."

प्लेटा वाकल्या म्हणून ब्रेक नीट धरेनात, धरेनात म्हणून जास्त दाबावं लागलं, त्यानं त्या आणखी तापल्या, आणि शेवटी ब्रेकचं जुनं तेलच उकळून पेडल मऊ पडलं. पायाचा काही संबंध नव्हता. मी म्हटलं, आत्ता जातो आणि रामसिंगला सांगतो. सुसानानं माझा शर्ट मागून धरला.

"कुणाला सांगायचं नाही. पाणी कोण ओततं?"

 काकी ओतते. चाकाला हात जोडून ओतते.

"काकीला कळलं की तिच्या पाण्यानं सगळ्या दरीत जाणार होत्या, तर ती अन्नाला शिवणार नाही," सुसाना म्हणाली. "शपथ घे." मी घेतली. एवढं कठीण काम तिनं मला आजवर दिलेलं नाही.

हेमकांत म्हणाला, होतं तसं नवं बसवून देतो. सुसाना म्हणाली, होतं तसं नको. याच कंपनीची जास्त वजनाची गाडी येते, तिच्या पुढच्या प्लेटा मोठ्या आणि जाड असतात, मधून पोकळ, वारा आतून खेळतो, लवकर थंड होतात. त्या बसव. हेमकांतनं डोकं खाजवलं. त्याला प्लेट पकडणारा कॅलिपर मोठा लागेल, पाईप नवे लागतील, रिम मोठ्या लागतील. "लागू दे," ती म्हणाली. खर्चाचं मी लिहीत नाही, तो आमच्या दोघांतला विषय आहे आणि अजून मिटलेला नाही.

सामान सुरतेहून आलं. बसवताना सुसाना हेमकांतच्या बरोबरीनं चाकाखाली होती, चेहऱ्यावर ग्रीस आणि केसांत मुरूम. शेवटी पाईपातली हवा काढायची वेळ आली. त्याला एक माणूस आत पेडलवर लागतो आणि एक बाहेर पान्यावर. पान्यावर सुसाना बसली. पेडलवर मला बसवलं. "दाब... धर... सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर. माझी पोटरी भरून आली. मग एकदा दाबलं तर पेडल खाली जाईना, दगडासारखं घट्ट. "झालं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

नवे पॅड प्लेटांना बसावेत म्हणून ती दोन-तीन दिवस सपाट रस्त्यावर हळूहळू ब्रेक मारत हिंडली. मग म्हणाली, बाजाराच्या दिवशी बारी उतरायची. बायकांऐवजी वाळूची पोती भरायची, तेवढ्याच वजनाची. मी म्हटलं, बाजाराच्या दिवशी कशाला, सगळे बघतील. "म्हणूनच," ती म्हणाली. मग मीही शेजारी बसलो. कुणीतरी जिवंत माणूस पाहिजे ना गाडीत.

दुसऱ्या वळणाच्या आधी तिनं गाडीला मुद्दाम वेग येऊ दिला. मी येशूचं नाव घेतलं, मोठ्यानं. मग तिनं पाय दाबला. स्टिअरिंग हललं नाही. गाडी मुरमाच्या त्याच ढिगाशेजारी, भर उतारावर, पोत्यांसकट गपकन थांबली. मी पुढच्या काचेला नाक लावून बसलो होतो. ती म्हणाली, "पट्टा लाव म्हटलं होतं." मग पुढच्या वळणावर पुन्हा थांबवली. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी पेडल तसंच घट्ट.

खाली नाल्यावर रामसिंगची पिकअप उभी होती, बायका उतरून पाय मोकळे करत होत्या आणि त्याच्या चाकांतून वाफ निघत होती. काकीही नुकतीच पायवाटेनं येऊन टेकली होती. आमची गाडी थांबली तशी ती उठली. एवढे आठवडे ती आमच्याकडे आली नव्हती, पण गाडी बारी उतरून आली म्हणजे तिला पाणी पाजायचं, यात तिच्या मनात दुसरा विचारच नव्हता. गडू भरला आणि सरळ पुढच्या चाकाकडे निघाली.

चाकं तापलेली. प्लेटा नव्या. मला राहवलं नाही. "काकी, थांब!" मी ओरडलो.

 काकीचा हात तसाच राहिला. "पाणी नको?" ती म्हणाली. "माझ्या हातचं नको?"  मी सुसानाकडे बघितलं. खरं कारण माझ्या जिभेवर आलं होतं, पण शपथ होती.

सुसाना गाडीतून उतरली. शांतपणे उजव्या पायातली चप्पल काढली, साडी थोडी वर धरली आणि पाय चाकापुढं दगडावर ठेवला.

"काकी, ह्या चाकांना तहान लागत नाही," ती म्हणाली. "पाणी ह्याला घाल. सगळी बारी ह्यानं गाडी धरली."

आमच्याकडे सून सासूच्या पायावर पाणी घालते, पाहुण्याच्या पायावर घालतात. म्हातारीनं पोरीच्या पायावर घातलेलं मी कधी बघितलं नव्हतं. काकीनं चाकाकडे बघितलं, मग त्या पायाकडे. तिला काय कळलं आणि किती कळलं, हे मी आजही सांगू शकत नाही. ती खाली वाकली, गडू उजव्या हातात धरून सावकाश पाणी ओतलं आणि डाव्या हातानं तो पाय चोळून धुतला, टाचेपासून बोटांपर्यंत. अंगठ्याला ग्रीस होतं, तेही पदरानं पुसलं. मग नेहमीसारखे हात जोडले.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते लपवलं नाही. लपवायचं कशाला, ती माझी बायको आहे.

काकी उठली, पुढचं दार उघडून आपल्या जागेवर जाऊन बसली आणि म्हणाली, "ही पोती काढा. बायका कुठं बसतील?" आणि मग बायकांनीच, आधी दोघींनी, मग सगळ्यांनी, रामसिंगच्या गाडीतल्या आपल्या पाट्या उचलायला सुरुवात केली. पोती उतरवली मी एकट्यानं. कुणी हात लावला नाही.

आता दर बाजाराला नाल्यावर आमच्या गाडीच्या चाकांना कुणी हात लावत नाही. काकी गडू भरते आणि सुसाना चप्पल काढते. मागच्या आठवड्यात रामसिंगही आला. इकडंतिकडं बघितलं, बूट काढला आणि पाय पुढं केला. "काकी, मन्हा पायवर बी थोडं टाक ना."

काकीनं त्याच्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही.

"पहिले गाडीना ब्रेक बदल," ती म्हणाली, "मंग पाय पुढे कर."