कमरेची शिवण

आज आमच्या ह्यांची पँट कमरेत आत घ्यायला बसले आणि पुतणीच्या लग्नाची सकाळ आठवली. सिगारेट सोडून तीन महिने झालेले, ह्यांचा हात सारखा फरसाणाच्या डब्यात. कळंबोलीहून निघायच्या वेळी पँटचं बटण तटकन उडालं. "बघ, ओढत होतो तेव्हा पोट नव्हतं! आजपासून परत सुरू," हे चिडून म्हणाले. म्हटलं, "आधी ती पँट काढा." तिथल्या तिथे शिवण उसवून दोन बोटं सैल केली. "पोटाचं मी बघते. सिगारेटचं नाव काढायचं नाही." दुसऱ्या दिवसापासून फरसाण बंद, खिशात भाजलेले चणे, जेवल्यावर माझ्याबरोबर चालायचं. पोट उतरायला दीड वर्ष लागलं बाई! आत्ता समोर चणे खात विचारतायत, "अगं, एक शंकरपाळी?" "अहो, सुई आहे माझ्या हातात."