वसुधाचं हसू

वसुधाच्या हॉलमध्ये मी काढलेला तिचा फोटो लावलाय. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थबकतो.

टेकडीवर, करंजाच्या सावलीत काढला होता. चेहऱ्यावर मऊ उजेड, मागे कलतं ऊन, सगळं जमलं होतं. फक्त वसुधा हसत होती. कॅमेरा दिसला की आपण सगळे चेहऱ्यावर ओढून घेतो, ते हसू. वीस फोटो वाया गेले. शेवटी कॅमेऱ्याआडूनच मी सहज विचारलं, “मंदार बोलतो का गं आता तुझ्याशी?”

मंदार तिचा मुलगा. भांडून घर सोडून गेलेला. हसू गळून पडलं, आणि मी बटण दाबलं.

चांगल्या फोटोला उजेड लागतो, असं म्हणतात. मला वाटतं, मैत्री लागते. कुठे दुखतं ते ठाऊक असण्याइतकी जुनी. परक्या माणसाचा इतका चांगला फोटो मला कधीच जमलेला नाही.

“किती खरी दिसते ना मी यात?” परवा चहा देताना वसुधा म्हणाली. “आता ह्यांचाही असाच काढ.”

तिचे यजमान लगेच शर्टाची कॉलर नीट करू लागले. त्यांना काय विचारायचं, ते मला ठाऊक होतं.