दिवेलागणीची शहाणी

कापूस फुटलेल्या शेतावर दिवस बुडतो तेव्हा आभाळातला उजेड आधी जातो आणि जमिनीवरचा मागे रेंगाळतो. अमळनेरच्या बाजूला नर्स म्हणून येऊन मला बराच काळ झाला, तरी त्या वेळी स्कूटर चालवताना आपण जागे आहोत की झोपेत, असं अजून होतं. आधी पांढरं, मग राखाडी, मग नुसतंच मऊ काहीतरी.

लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस पाजायची मोहीम चालू होती. पिवळसर, तेलकट औषध, चमचाभर. गावातली मुलं सकाळीच उरकली. पण साक्रीकडून वेचणीला आलेली कुटुंबं दिवसभर शेतात असतात, त्यांना गाठायचं तर दिवेलागणीलाच. त्यांच्या गावी ती मुलं ‘बाहेरगावी गेलेली’ आणि इथे ‘आपल्या गावची नाहीत’. म्हणजे कुठलीच नाहीत. आढावा बैठकीत मी पेट्रोलचा विषय काढला, तर साहेब म्हणाले, “बाई, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “साहेब, आधी कोंबडी सापडायला तर हवी.” सगळे हसले. पेट्रोलचं काही झालं नाही.

त्याच संध्याकाळी एका बांधावरच्या पालाशी तीनेक वर्षांची पोर कापसाच्या ढिगाला टेकून बसलेली दिसली. बाकीची पोरं धुडगूस घालत होती, ही आपली गप्प. आई चुलीशी होती. कौतुकाने म्हणाली, “अक्का, मनी पोर भलती शहानी शे. दिवा लागना का एक जागावर बसी ऱ्हास.”

मलाही ते गोडच वाटलं. मग आईने तिच्यापुढे ताटलीत भाकरी ठेवली. पोरीने हात पुढे केला तो ताटलीच्या बाहेर, मातीवर. तिथून बोटांनी जमीन चाचपत ती भाकरीपर्यंत पोचली. अगदी सवयीने. अंधार पडला की तिला दिसत नव्हतं, म्हणून ती जागची हलत नव्हती.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एक डोस आत्ता, एक उद्या, आणखी एक काही आठवड्यांनी. हयगय झाली तर डोळे जाऊ शकतात. आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. “दिवसाले तं बठ्ठं दिसस हिले,” ती म्हणत राहिली. पण पोरीचं तोंड तिनेच धरून उघडलं आणि चमचा रिकामा झाला.

दुसऱ्या संध्याकाळी गेले तर पालाच्या जागी चुलीचे दगड तेवढे उरलेले. तिथली वेचणी संपली होती. शेतातला गडी म्हणाला, त्यांचा ट्रॅक्टर नदीच्या अंगाला गेला. मग मी या बांधावरून त्या बांधावर. साहेबांना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की त्यांना उचकी लागली असेल. भोवती तोच उजेड, जिकडे तिकडे चुलींचा धूर, आणि सगळ्या आया लांबून सारख्याच दिसणाऱ्या. प्रत्येक पालाशी मुली खेळत होत्या. मला खेळणारी नको होती, बसलेली हवी होती. शेवटी एका ट्रॉलीच्या चाकाला टेकलेली ती दिसली. तिचा हात आईच्या पदरात घट्ट होता. डोस पाजला आणि आईला बजावलं, मुक्काम हलला की फोन करायचा.

तिने केला. काही आठवड्यांनी शेवटचा डोस घेऊन गेले तेव्हा कापूस विरळ झाला होता आणि थंडी चांगलीच पडली होती. सवयीने मी बसलेली पोर शोधू लागले. ढिगाशी कुणी नाही, चुलीशीही नाही. तेवढ्यात आई तणतणत आली.

“अक्का, काय पाजं व तुम्ही हिले? आते दिवा लागना तरी एक जागावर बसत नही. पयत ऱ्हास नुसती!”

मला हसूही आलं आणि रडूही. मी कापसाकडे वळले. एव्हाना इतका अंधार झाला होता की मला तिथे काहीच दिसेना. आतून आवाज आला, “अक्का उनी!” आणि ओळींमधून वाट काढत, कुठेही न अडखळता, ती सरळ माझ्याकडे धावत आली.