लक्षद्वीपच्या वाटेवर मांजरी

देवगडहून निघताना शेजाऱ्यांनी विचारलं, "होडीच्या कामाला पुण्याला?" हसण्यासारखंच होतं. समुद्र आमच्या परसापलीकडे, आणि आम्ही बापलेक निघालो घाट चढायला. माझी मुलगी सायली आणि तिची मैत्रीण जुनी शिडाची होडी घेऊन दिवाळीनंतर लक्षद्वीपला जाणार होत्या. होडीच्या कागदांवर स्थिरतेचा एक आकडा होता. तो आम्हाला कळत नव्हता, आणि मी तो समजून घेऊन हो म्हटल्याशिवाय तिची आई होकार देणार नव्हती.

सकाळी स्वारगेटला उतरलो. इथे पोह्यांवर सांबार ओततात. मला ते पटलं नाही, दोन प्लेट खाल्ल्या मात्र. मग शहराबाहेरच्या मांजरी गावाची बस आणि पुढे रिक्षा.

"लांब हाय, पर सोडतो," रिक्षावाला म्हणाला. "होडीवाल्या बाई ना? उसाशेजारी हौद बांधलाय त्यांनी."

निमकर बाईंनी जन्मभर होड्यांचे आराखडे केले. दार उघडून म्हणाल्या, "समुद्र सोडून इथवर आलात? कमाल आहे. चपला बाहेर."

कागद मात्र त्यांनी मन लावून वाचला. "एकशे वीस अंश. होडी सरळ उभी म्हणजे शून्य, डोलकाठी (शिडाचा खांब) पाण्यावर आडवी झाली म्हणजे नव्वद. त्याहीपुढे एकशे वीसपर्यंत कलली तरी तुमची होडी आपणहून उठेल. त्यापलीकडे गेली की उलटी."

"खोल समुद्राला चालेल?" सायलीनं विचारलं.

"चालेल की. पण हा आकडा होडी बांधली तेव्हाचा. नंतर तुम्ही काय चढवलंत?"

सायलीनं कौतुकानं सांगितलं, केबिनच्या छपरावर पाण्याची टाकी. आमच्याकडे प्रत्येक घरावर असतेच, उतारानं पाणी येतं, पंप लागत नाही. होडीवरची मीच बसवून दिली होती.

"वा," बाई म्हणाल्या. "गच्चीसुद्धा बांधायची होती."

त्या आम्हाला मागच्या हौदाशी घेऊन गेल्या. पाण्यात हातभर लांबीची नमुन्याची होडी होती, तळाला शिशाचं वजन. बाईंनी डोलकाठी पाण्याखाली दाबून सोडली. होडी झटकन उठली. मग छपरावर पाण्याची एक डबी बांधली आणि तेवढीच दाबली. या वेळी होडी पूर्ण पालथी झाली आणि तशीच राहिली. तिचा लाल तळ वर दिसत होता. मी हौदाच्या कठड्यावर बसलो.

"आकडा समजून घ्यायला आलात, की नकार न्यायला?" बाईंनी मला विचारलं.

"नकार," मी म्हणालो. सायली माझ्याकडे बघतच राहिली.

बाई हसल्या नाहीत. आम्हाला भरीत-भाकरी वाढली आणि स्वतः न जेवता गणित मांडत बसल्या. टाकी उतरवायची. त्याऐवजी दोन लहान टाक्या थेट तळाशी, पक्क्या बांधून, कारण अर्धवट भरलेल्या मोठ्या टाकीतलं पाणी कलत्या बाजूला धावतं. मग जेट्टीला होडीचा कल पुन्हा मोजून त्यांना कळवायचं. "आकडा टिकला तर खुशाल जाऊ द्या. नाही टिकला तर मीच हिला अडवीन." अनोळखी माणसांसाठी त्यांनी अख्खा दिवस घालवला. या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

स्वारगेटला परतीच्या गाडीत बसलो, तोच बायकोचा फोन. "काय म्हणाल्या हो त्या?"

'आहे अशी होडी नेऊ नका म्हणाल्या,' एवढंच सांगितलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं, आणि पोर घरी राहिली असती. सायली खिडकीबाहेर बघत होती, पण कान माझ्याकडेच होते. मी सगळं सांगितलं, टाकीचं, तळाचं, जेट्टीवरच्या मापाचं.

"म्हणजे जाईल ती," बायको म्हणाली.

"माप जमलं तर जाईल," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. सायलीनं माझ्या हातातला फोन घेतला नि आईला म्हणाली, "बाबा ठीक आहेत गं. आम्ही निघालोय."